कार्डवालीनं केलेली कवळी

सदर व्यक्ती स्त्री असून वयाने तिशीच्या पलीकडे व पस्तिशीच्या अलीकडे आहे. बांधा मध्यम. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्यावर गरम मेणाने भाजल्याचा डाग. व्यवसाय : कृत्रिम दंतपंक्ती तयार करणे. वैवाहिक स्थिती : विवाहित, तथापि विवाहाच्या खरेपणाबाबत पडताळणी प्रलंबित. वास्तव्याचे स्वरूप : तात्पुरते, पतीच्या नागरिकत्वावर अवलंबून. पती व सासू यांच्यासमवेत एकाच छताखाली राहते. वर्तणुकीबाबत तक्रार नाही.

हे झालं परदेशी नागरिकांच्या कचेरीतलं वर्णन. घरात तेच काम एका शब्दात भागायचं. सासूबाई तिला कार्डवाली म्हणत.

तोंडावर नाही. तोंडावर 'अगं' किंवा 'सूनबाई'. पण सासूबाईंची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. नोकरीभर त्यांनी लोकांची बोलणी जोडून दिली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःची सुरू केली. रात्रीचं जेवण झालं की बैठकीतल्या खुर्चीत बसायचं, पाय स्टुलावर टाकायचे आणि बहिणीपासून सुरुवात करून एकेका मैत्रिणीला फोन लावायचा. घराच्या भिंती पातळ होत्या आणि सासूबाईंना ते ठाऊक होतं.

"माझ्या मुलाशी नाही गं, आमच्या पासपोर्टशी लग्न केलंय तिनं. मुलगा आपला बरोबर आला, पिशवीवर बटवा फुकट येतो तसा."

हा बटवा म्हणजे नवरा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. मोठ्या कचेऱ्यांच्या लिफ्ट दिवसा बंद ठेवता येत नाहीत, म्हणून त्याचं काम रात्री चाले. तो सकाळी घरी यायचा तेव्हा ती लॅबला निघालेली असायची. दोघांचा पलंग एकच होता, फक्त पाळ्या वेगळ्या. माणूस वाईट नव्हता. वाईट असायला घरात जितका वेळ लागतो तितका तो घरात नसायचा.

लग्न तिच्या एका लांबच्या काकूनं जुळवलं होतं. मुलगा तिकडचा नागरिक, घर स्वतःचं, माणसं मोजकी. काकूनं माणसं मोजली होती, तोललेली नव्हती. कायदा असा होता, की लग्नानंतर काही वर्षं नवऱ्याच्या सहीवर राहायचं, दरवर्षी सही नवी करायची, आणि मग कचेरीची खात्री पटली तर कायमचं कार्ड. ते हातात आलं की माणूस आपल्या पायावर उभा. कुणाच्या सहीची गरज नाही, कुणी परत पाठवायची भीती नाही, वाटेल तेव्हा जा, वाटेल तेव्हा ये. तोवर नवऱ्याची सही सासूबाईंच्या टेबलावर, सासूबाईंच्या पेनानं, सासूबाईंचा मूड बघून व्हायची.

तिचा पासपोर्टही सासूबाईंकडेच. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो मागून घेतला. "तुझ्या हातून हरवेल. माझ्याकडे लॉकर आहे." लोखंडी कपाटाच्या आत लॉकर आणि लॉकरची किल्ली सासूबाईंकडे.

तिसऱ्या वर्षी तिचे वडील गेले. भावाचा फोन सकाळी आला. "ताई, आम्ही थांबतो, पण लवकर निघ." ती सासूबाईंकडे पासपोर्ट मागायला गेली, तर किल्ली सापडेना. सासूबाईंनी सगळं घर पालथं घातलं. म्हणजे सुनेनं घातलं; कुठे कुठे बघायचं ते सासूबाई खुर्चीतून सांगत होत्या. गाद्या उचलल्या, डबे उपसले. नवऱ्याला उठवलं. तो म्हणाला, "आईच्या हल्ली लक्षात राहत नाही," आणि कुशीवर वळला. दुसऱ्या दिवशी भावाचा पुन्हा फोन आला, की यापुढे थांबता आलं नाही, सगळं आटोपलं. त्याच संध्याकाळी किल्ली सासूबाईंच्या पर्समध्ये, चष्म्याच्या घरात मिळाली.

"बघ, इथेच होती की," सासूबाई म्हणाल्या. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी जरा मायेनंही सांगितलं, "वडील नसण्याची सवय होते गं. मला झाली, तुलाही सवय होईल."

'सवय होईल' हे सासूबाईंचं आवडतं औषध. थंडीची सवय होईल, मागच्या अंधाऱ्या खोलीची सवय होईल, नवऱ्याच्या न बोलण्याची सवय होईल. कार्ड हातात येईपर्यंत तिला या घरात आवाज चढवणं परवडणारं नव्हतं. तिनं फक्त एक गोष्ट मनात नीट घडी करून ठेवली, चांगली साडी कपाटात ठेवावी तशी.

घडी उलगडायला वर्ष गेलं. सासूबाईंची जुनी कवळी झिजली. चावताना सरकायची, जांभई देताना खाली यायची. ती ज्या लॅबमध्ये काम करायची, त्या लॅबला काम देणाऱ्या दंतवैद्याकडेच सासूबाई गेल्या. "घरची सून दात बनवते, बाहेर कशाला जायचं," असं त्यांनी बहिणीला फोनवर सांगितलं, त्यात थोडा अभिमानसुद्धा होता. दंतवैद्यानं माप घेतलं, मेणाचा नमुना लावून बघितला आणि काम लॅबमध्ये आलं. सासूबाईंचा जबडा प्लास्टरमध्ये उतरून तिच्या टेबलावर येऊन बसला. इतका शांत तो जबडा तिनं पहिल्यांदाच पाहिला.

कवळी बनवण्यात एक गोष्ट नाजूक असते. वरचे आणि खालचे दात मिटल्यावर जबड्यांमध्ये किती अंतर राहावं, ते. कमी राहिलं तर चेहरा आत ओढल्यासारखा दिसतो आणि लगेच ओळखू येतं. नखभर जास्त राहिलं तर चेहरा उलट भरलेला, तरुण दिसतो. आरशात बघणारा खूश होतो. मात्र बोलताना वरखालचे दात एकमेकांवर आपटतात आणि थोडं बोलून झालं की जबडा भरून येतो. दोन वाक्यांना काही होत नाही. फोनला होतं.

तिनं नखभर जास्त ठेवलं. बाकी काम जीव ओतून केलं. रंग असा जुळवला की सासूबाईंचे स्वतःचे दात कधी इतके शोभले नसतील. हिरड्यांना बारीक नक्षी दिली, कडा काचेसारख्या घासल्या. लॅबचे मालक उचलून बघत म्हणाले, "सासूसाठी एवढं करणारी सून मी बघितली नाही." ती म्हणाली, "मीही नाही बघितली."

पहिल्या दिवशी सासूबाई दंतवैद्याच्या खुर्चीत म्हणाल्या, "तोंड भरल्यासारखं वाटतंय." नवी कवळी घालणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. दंतवैद्यानं आरसा हातात दिला आणि म्हणाला, "दहा वर्षांनी लहान दिसताय. सवय होईल."

ती दाराशी उभी होती. त्या वाक्यानं तिला जे सुख दिलं, ते लग्नात मिळालं नव्हतं.

घर बदललं. जेवणानंतरचा फोन बहिणीपासून सुरू होई आणि बहिणीपाशीच संपे. पलीकडून काय येतं माहीत नाही, पण इकडून टकटक, टकटक असा आवाज येई, कुणी टेबलावर नाणं आपटावं तसा. "माझ्या मुलाशी टक नाही गं, टक," असं करत करत सासूबाई गाल धरून रिसीव्हर खाली ठेवत. कार्डवाली हा शब्द त्यांना पुढे जड जाऊ लागला. संध्याकाळी भाजी निवडताना ती मुद्दाम विचारायची, "आई, काल मावशींशी काय बोलणं झालं?" सासूबाई हातानंच 'काही नाही' म्हणत. तिला वाईट वाटलं का? नाही वाटलं. तिनं एकदोनदा वाटतंय का ते तपासून पाहिलं.

मग कचेरीची सूचना आली. पडताळणीसाठी अर्जदार, पती व घरातील ज्येष्ठ व्यक्ती यांनी समक्ष हजर राहावे.

ज्येष्ठ व्यक्ती म्हणजे सासूबाई. ज्या बाईनं सुनेला गावभर कार्डवाली केलं, तिलाच आता अधिकाऱ्यासमोर बसवायचं. तिच्या एका शब्दानं चार वर्षांवर पाणी पडलं असतं. सुनेपुढे दोन वाटा होत्या. कवळी लॅबमध्ये नेऊन घासून द्यायची, सासूबाईंना खूश करायचं. पण मग खूश झालेल्या सासूबाई अर्धा तास बोलतील. किंवा तशीच राहू द्यायची. मग बोलणं दोन वाक्यांत आटपेल. तिनं दुसरी वाट धरली. शत्रू कमी बोलला की नुकसानही कमी, असा साधा हिशेब.

हिशेबात एक गोष्ट राहून गेली होती. सासूबाई आदल्या आठवड्यात कुणाला न सांगता दुसऱ्या दंतवैद्याकडे जाऊन आल्या होत्या. त्यानं कवळी उजेडात फिरवून फिरवून बघितली होती आणि म्हणाला होता, "हात कसलेला आहे. इतकी सुबक चूक नवशिक्याच्यानं होत नाही." सासूबाई हे घरी बोलल्या नाहीत. त्यांनीही घडी करून ठेवली.

कचेरीत खोली लहान होती, टेबल मोठं. पलीकडे अधिकारी बाई, केस आखूड, चेहऱ्यावर ऊन नाही आणि सावलीही नाही. आधी नवराबायकोला वेगवेगळं बोलावून झालं. मग तिघांना एकत्र बसवून बाईंनी नवऱ्याची उत्तरं वाचून दाखवली.

"पत्नी पलंगाच्या कोणत्या बाजूला झोपते, असं विचारलं. तुम्ही म्हणालात, मी येतो तेव्हा ती उठलेली असते. सुट्टीच्या दिवशी? तुम्ही म्हणालात, बैठकीत झोपतो. पत्नी काय काम करते? दातांचं. डॉक्टर आहेत का? नाही, दुसरं काहीतरी." बाईंनी कागद खाली ठेवला. "लग्नाला चार वर्षं झाली म्हणता."

नवऱ्यानं छताकडे पाहिलं. बहुधा पंख्याचं वायरिंग बघत असावा.

"घरातल्या ज्येष्ठांचं काही म्हणणं?" बाईंनी विचारलं, फाइल बंद करता करता.

"आहे," सासूबाई म्हणाल्या. दात टकटकले. मग त्यांनी तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही अधिकारी बाईंच्या टेबलावर, शिक्क्याच्या शेजारी ठेवल्या.

"आता सुटसुटीत बोलते," त्या बोळक्या तोंडानं म्हणाल्या. आणि सुटल्या. कित्येक महिन्यांचं साठलेलं होतं. "हे दात हिनं केलेत. मुद्दाम उंच केलेत, मला बोलता येऊ नये म्हणून. दुसऱ्या डॉक्टरनं सांगितलंय मला. आणि एवढंच नाही. माझा चष्मा रोज एक फळी वर ठेवते. हिला ऐकू येतं तरी दोनदा विचारते, म्हणजे मला दोनदा बोलावं लागतं. वरून आई आई म्हणते, गोड आवाजात. असली सून मी आयुष्यात बघितली नाही. हिला कार्ड द्यायचं म्हणजे माझ्या छाताडावर कायमची बसवायची."

अधिकारी बाईंनी कवळीकडे पाहिलं, मग सुनेकडे. "हे खरं आहे?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण टेबलावर ते दात होते, तिनं घासलेले, तिच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. ते नाकारायला तिची जीभ वळेना.

"खरं आहे," ती म्हणाली. "मुद्दाम केलं. माझे वडील गेले तेव्हा यांनी लॉकरची किल्ली पर्समध्ये ठेवून मला घरभर शोधायला लावली."

"हरवली होती."

"चष्म्याच्या घरात?"

"मग? चष्मा डोळ्यांवर होता, घर कशाला उघडू?"

"दुसऱ्या दिवशी बरं उघडलंत. सगळं आटोपल्याचा फोन आल्यावर."

"तू गेली असतीस तर परत आली असतीस? माझ्या पोराला सोडून तिकडेच राहिली असतीस. मग मी कुणाकडे बघायचं?"

"म्हणजे लपवली होती."

सासूबाई थांबल्या. त्यांनी कवळीकडे हात नेला, पण उचलली नाही. "लपवली होती," त्या म्हणाल्या. "बरं मग. वर्षभर दात खाऊन बसलीस ना माझ्यावर? फिटलं."

"नाही फिटलं."

"चिमटे काढते ही रोज, मॅडम—"

"आणि तुम्ही फोनवर काय म्हणायचात?"

"आता पुरे," अधिकारी बाई म्हणाल्या. दोघी गप्प झाल्या; नवरा आधीपासूनच होता. बाईंनी पेन उघडलं.

"माझ्यासमोर रोज बायका येतात," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "कार्डासाठी लग्न केलेल्या. त्यांना पलंगाची बाजू पाठ असते, टूथब्रशचा रंग पाठ असतो, आणि सासू म्हणजे देवमाणूस असते. सासवाही शिकवून आणलेल्या असतात. एवढं वैर कुणी कार्डासाठी करत नाही. याला घरच लागतं." त्यांनी कवळी कागदाच्या रुमालात धरून सासूबाईंकडे सरकवली. "तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे. फार उपयोगी पडली."

सासूबाईंना हे समजायला बाहेरच्या जिन्यापर्यंत वेळ लागला. समजलं तेव्हा त्या कठडा धरून उभ्या राहिल्या.

कार्ड आल्यावर तिनं लॉकरची किल्ली मागितली. सासूबाईंनी शोधल्यासारखं न करता दिली. मग गाल चोळत, दोनच शब्दांच्या बेतानं म्हणाल्या, "आता घासून दे."

"घाई काय आहे, आई," ती म्हणाली. "सवय होईल."

फाइलवर अधिकारी बाईंचा शेरा आहे तो असा : अर्जदार ही पती व सासू यांच्यासमवेत एकत्र, अखंड व खरेखुरे कौटुंबिक जीवन जगत असून दांपत्याच्या सहवासाबद्दल या कार्यालयास कोणतीही शंका उरलेली नाही. सबब कायम निवासाची परवानगी देण्यात येत आहे.

पुढच्या आठवड्यात ती लॅबच्या वरची खोली भाड्यानं घेऊन तिथे राहायला गेली. नवऱ्याच्या ते तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.