सहा मिक्सर आणि एकोणीस नावं

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि दोन-तीन वर्षांत आमची गल्ली ओळखू येईनाशी झाली. नव्या कचेऱ्या उघडल्या. उस्मानाबादहून, नांदेडहून बदलून आलेली कुटुंबं भाड्यानं राहू लागली. ज्याच्याकडे दोन खोल्या जास्तीच्या, तो घरमालक झाला. त्यात दुष्काळ. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, बाकी सगळी भिस्त टँकरवर. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि गल्लीतल्या महिला मंडळाची सचिव होते. सचिव म्हणजे काय, तर जिला नाही म्हणता येत नाही ती बाई.

मिक्सरची कल्पना माझीच. माझा भाऊ नांदेडला राहायचा. त्याच्या ओळखीचा एक दुकानदार म्हणाला, एकदम पंधरा-वीस जणींनी आधी पैसे भरून नोंदणी केली तर सवलतीत देतो. मी मंडळाच्या बैठकीत सांगितलं, आणि दोन दिवसांत एकोणीस नावं झाली. मी ती शाळेच्या वहीतल्या एका पानावर लिहिली. पहिलं नाव माझं, कारण पान माझ्या हातात होतं. अकरावं नाव मावशींचं.

मावशी गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहायच्या. नवरा गेल्यापासून घरोघरची मिरची, येसर, काळा मसाला उखळात कुटून द्यायच्या. निम्म्या गल्लीचं तिखट त्यांच्या हातचं. त्यांनी नाव सांगितलं तेव्हा एकजण हसली. म्हणाली, मावशी, तुमच्या खोलीत तर वीजच नाही. मावशी म्हणाल्या, "तुमी लिवा की." मी लिहिलं आणि विसरले.

दोन महिन्यांनी भावाचं पत्र आलं. कारखान्यातून माल कमी आलाय, सध्या सहाच मिळतील, बाकीचे पुढच्या खेपेला. पुढची खेप कधी, ते दुकानदारालाही माहीत नव्हतं. रविवारी पहाटेच्या एसटीनं मी नांदेडला गेले आणि संध्याकाळी सहा खोकी टपावर चढवून परत निघाले. लोहा, अहमदपूर, चाकूर, प्रत्येक थांब्यावर उतरून मी टपाकडे बघत होते. कंडक्टर शेवटी वैतागून म्हणाला, "बाई, तुम्हीच वर बसा आता."

खरा त्रास घरी आल्यावर सुरू झाला. खोकी आमच्या पुढच्या खोलीत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरच्या रांगेत मला कुणी पाण्याबद्दल विचारलं नाही. एकीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. एकीला खांद्याचं दुखणं. आमच्या समोरच्या अक्का उदगीरच्या, भुसार व्यापाऱ्याच्या घरातल्या. घरात चौदा माणसं आणि रोज चटणी वाटून त्यांचे हात भरून येत. त्यांचं म्हणणं खरंच होतं. सगळ्यांचंच म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग येत होता.

एका नव्या कचेरीतल्या साहेबांच्या बाई आमच्याच गल्लीत भाड्यानं राहात. त्या स्वतः आल्या नाहीत. त्यांचा शिपाई चिठ्ठी घेऊन शाळेत आला, चालू तासाला. चिठ्ठीत लिहिलं होतं, एक नग आजच पाठवावा. त्यांचं नाव यादीत सतरावं होतं. मी शिपायाला सांगितलं, क्रमानं मिळेल. संध्याकाळी त्या घरी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, मी तर तुम्हाला पहिल्याच दिवशी तोंडी सांगितलं होतं, तुम्ही लिहायला उशीर केलात. सांगितलं होतं का? सांगितलंही असेल. मला आठवत नव्हतं, आणि ते त्यांना माझ्या तोंडावर दिसलं.

नवरा म्हणाला, पहिलं खोकं आपलं, ते आत ठेव, बाकीच्या पाचांचं मंडळ बघून घेईल. मी ते आत ठेवलं. तासाभरानं पुन्हा बाहेर आणलं. माझं नाव पहिलं होतं ते केवळ पान माझ्या हातात होतं म्हणून.

शेवटी बैठक बोलावली, देवळाच्या पारावर. यादीप्रमाणे द्यायचे म्हटलं, तर यादीच खोटी असं साहेबांच्या बाई म्हणाल्या. चिठ्ठ्या टाकायच्या म्हटलं, तर लग्नघर रुसलं. अक्का म्हणाल्या, ज्याच्या घरी माणसं जास्त त्याला आधी. त्यावर दोघी-तिघी आपापल्या घरची माणसं मोजायला लागल्या, गावाकडची धरून. दीड तास हे चाललं. मला वाटलं, ही सहाच्या सहा खोकी परत नांदेडला नेऊन टाकावीत.

मावशी कडेला बसल्या होत्या. मधेच म्हणाल्या, "माझं जरा ऐका. तुमी समद्यांनी यंत्रं घेतली की माझ्याकडं कुटायला कोण येईल? मी गिरणीवाल्याला इचारून ठेवलंय. त्याच्या गिरणीत मला एक जागा आन् वीज देतो म्हनलाय. मला पहिलं नको. पण शेवटचं आलं तर मग मला त्याचा काय उपेग न्हाई."

आपण जिच्या हातचं तिखट खातो, तिचं काम आपल्या खोक्यांबरोबर जाणार, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. कल्पना माझी होती, एसटीनं खोकी मी आणली होती, आणि तरी सुचलं नव्हतं. मला फार राग आला, आणि तो मी सगळ्यांवर काढला. म्हणाले, पहिला मावशींना. ज्यांना आता मिळणार नाही त्या तेराजणींचं वाटण तेवढे दिवस मावशी गिरणीत करून देतील, म्हणजे कुणाचं अडणार नाही. उरलेल्या पाचांच्या चिठ्ठ्या. ज्याला पटत नसेल त्यानं नाव कमी करावं.

साहेबांच्या बाई उठल्या. नाव कमी करा म्हणाल्या आणि गेल्या. चिठ्ठ्यांत अक्कांचं नाव निघालं, लग्नघराचं निघालं, माझं निघालं नाही.

पुढच्याच आठवड्यात साहेबांच्या बाईंच्या स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज आला. कचेरीची जीप नांदेडला गेली होती, ती येताना घेऊन आली. त्याच दुकानातून. आमच्या दुसऱ्या खेपेतला पहिला आलेला नग दुकानदारानं त्यांना दिला, कारण त्यांनी सांगितलं की त्या आमच्याच मंडळाच्या. चार महिन्यांनी दुसरी खेप आली ती तेराऐवजी बाराची. त्या बाईंनी स्वतःच नाव कमी केलं होतं, म्हणजे हिशेबानं बाराच लागत होते. पण तोवर अक्कांच्या जावेनं एक मागून ठेवला होता, आणि मी तिला हो म्हणून बसले होते. एक कमी पडला, तेव्हा राहिले मी. मला मिक्सर मिळाला तो त्यानंतर दिवाळी उलटल्यावर.

तोपर्यंत माझी चटणी मावशींच्या गिरणीतच व्हायची. वीज गेली की डबा ठेवून यायचं, संध्याकाळी आणायचा. घरोघर मिक्सर आल्यावर गल्लीतली गिऱ्हाइकं त्या म्हणाल्या होत्या तशी सुटली. पण नव्या कचेऱ्यांभोवती खानावळी निघाल्या होत्या, आणि त्यांचा मसाला मावशींकडे यायला लागला. पुढं त्यांनी आणखी एक मोठं यंत्र बसवलं.

गल्लीत मात्र बोलणं पसरलं होतं की शाळेच्या बाईंनी, म्हणजे मी, मावशींना मिक्सर देऊन उभं केलं. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. एकदा डबा आणायला गेले तेव्हा मावशी हात पुसत म्हणाल्या, "बाई, तुमच्यावर राग न्हाई माझा. पण लोक दिला दिला म्हंत्यात. मी नाव लिवलं व्हतं. पैसे भरले व्हते. तेवढं सांगा की त्यांना."

सांगते म्हणाले. अक्कांना सांगितलं. अक्का म्हणाल्या, अय्यो, पण पहिला तर तुम्हीच दिला ना. मी पुन्हा समजावून सांगितलं, यादी, अकरावं नाव, सगळं. त्या मान हलवत राहिल्या. पुढच्या महिन्यात मंडळाच्या बैठकीत एका नव्या बाईंशी माझी ओळख करून देताना अक्कांनी पुन्हा तेच सांगितलं, यांनीच मावशींना मिक्सर दिला.