गणपतीच्या चित्रामागची ओळ

संकेत, दृष्टान्त असलं काही कानावर आलं की हसणाऱ्यांपैकी मी. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस... बिघाडाला कारण असतंच, यावर तर माझं पोट चालायचं. तरीही हे लिहितोय.

सत्त्याण्णव साल. मी रोह्याला, अष्टमी गावात राहायचो. पेणला माझं एक गिऱ्हाईक, नाना, त्यांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना; तिथला कॉम्प्युटर मीच बसवलेला. कुठल्या घरी कुठली मूर्ती, उंची किती, पितांबर कुठल्या रंगाचा — सगळ्या नोंदी मी त्यात भरल्या आणि नानांना वही बंद करायला लावली. माझा शहाणपणा, दुसरं काय!

पण मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायच्या आणि त्या बघून नानांचा जीव वरखाली व्हायचा. रोज माझ्या शेजारच्या दुकानात फोन, आज एक ओळ जास्त आली म्हणून. मी वैतागलो. एस्टीने पेणला गेलो आणि सगळ्या ओळी गप्प करून टाकल्या. डिस्क तपासणारा एक प्रोग्रॅम होता, तो जे सांगेल ते पडद्यावर न आणता परस्पर टाकून द्यायचं, असा आदेशच लिहिला. सुरुवातीला गणपतीचं चित्र लावलं. नाना खूश, मीही सुटलो.

गणपती तीन आठवड्यांवर आले आणि भरदुपारी फोन आला — मालतीबाई काहीतरी दाखवतायत, ये. मालतीबाई गडब गावच्या, कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायच्या. अक्षरओळख अजिबात नाही. मी चडफडतच गेलो.

बाईंनी एक पुठ्ठा पुढे केला. आखणीच्या बारीक ब्रशने काढलेली इंग्रजी अक्षरं, रेघ न् रेघ जागच्या जागी. मी वाचलं. डिस्क खराब होतेय, ताबडतोब कॉपी घ्या, असं लिहिलं होतं.

"बाई, हे कुठं दिसलं तुम्हाला?"

"चित्राच्या मागं. तीन दिस झालं. नाना म्हणतात काय नाय, म्हणून उतरवून घेतलं."

आधी सगळ्या नोंदी फ्लॉपीवर घेतल्या. ती यादी गेली असती तर नाना उठलेच नसते, आणि वही मी बंद करवलेली... मग मशीन पुन्हा सुरू केलं. मला आणि नानांना नुसता गणपती दिसला. बाई मात्र सोंडेपाशी बोट ठेवून म्हणाल्या, "ही काय, हाय की."

मी माझा आदेश काढून टाकला आणि परत सुरू केलं. पडद्यावर तीच ओळ आली, पुठ्ठ्यावरच्यासारखी, अक्षरन् अक्षर. संध्याकाळी डिस्क कायमची बंद पडली.

जी ओळ पडद्यापर्यंत पोचतच नव्हती, ती बाईंना कशी दिसली? खूप डोकं खाजवलं.

नवीन मशीनवर मी एकही ओळ लपवली नाही. नानांचा फोन पुन्हा रोज यायला लागला. मी हातातलं काम टाकून जायचो, आणि ते सांगतील ती प्रत्येक ओळ लिहून घ्यायचो.