सात कॉप्या आणि ईदची सुट्टी

बॅकअपच्या कामात इतके किस्से का साठतात, सांगू? सगळं सुरळीत असलं की आपण आहोत हेसुद्धा कुणाच्या गावी नसतं. घोळ झाला की मात्र अख्ख्या दोह्याला आमचा नंबर पाठ! लहान लहान संस्थांची ॲप्स आमच्या सर्व्हरवर चालतात. त्यांच्या डिस्कची रोज आपोआप एक कॉपी निघते, ती निघते की नाही हे बघायचं काम माझं. जोडीला रत्नागिरीचा मुनाफ, डोक्यावर पुण्याचे जोगळेकर सर. तिघंही मराठी, त्यामुळे भांडणं तरी मनासारखी होतात.

*

पहिला घोळ रविवारचा. कॉप्या कधी काढायच्या, किती ठेवायच्या, हे सगळं सेटिंग आमच्या कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसने तयार करून पाठवलं. आठवड्याची मोठी कॉपी रविवारी सकाळी. का, तर सुट्टी असते! अरे बाबांनो, इथे कतारमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवारी तर आठवडा सुरू होतो. कॉपी निघताना ॲप अडकतं, आणि नेमकी तेव्हाच सगळी मंडळी लॉगिन करत बसलेली. मी पुण्याला फोन लावला.

"मग तुम्ही रविवारी करता काय?" तिकडून विचारलं.

"तुमचे घोळ निस्तरतो," मी म्हटलं.

वार बदलला. बाकीचं सेटिंग आम्ही कुणी वाचलंच नाही.

*

जोगळेकर सरांना 'इन्शाल्ला'ची ॲलर्जी; देवाने मनात आणलं तर, हे काय उत्तर झालं? एकदा मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "कालची कॉपी निघाली का?"

मुनाफ म्हणाला, "इन्शाल्ला, सर."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मुनाफ, उद्याचं इन्शाल्ला चालेल. कालचं हो की नाही ते सांग."

मुनाफ उठून बघून आला. निघाली नव्हती.

*

वैशालीताई आमच्या गिऱ्हाईक. दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागात त्यांचं सेंटर आहे, उशिरा बोलू लागणाऱ्या मुलांना त्या शिकवतात. प्रत्येक मुलाचं प्रत्येक वेळचं रेकॉर्डिंग आमच्या डिस्कवर. मूल कुठून कुठे आलं, हे आईबापांना त्या आवाजांवरूनच कळतं.

एकदा त्या ऑफिसात आल्या आणि फोनवर एक रेकॉर्डिंग लावलं. ओजस नावाचा मुलगा, चार वर्षांचा झाला तरी तोंडातून शब्द नाही. त्यात बराच वेळ ताईंचाच आवाज. "हे काय? हे काय?" मग ग्लास आपटल्याचा आवाज, आणि अगदी बारीक, "पाणी."

ताई म्हणाल्या, "खुर्च्या-टेबलं जळली तर मी नवी आणीन. हा पहिला शब्द गेला तर कुठून आणू?"



*

रमजानमध्ये सगळं घड्याळच उलटं होतं. ताईंची शिकवणी संध्याकाळी रोजा सुटल्यावर, इफ्तारनंतर सुरू व्हायची, आणि आमची कॉपीही त्याच वेळेला. मूल बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात ॲप अडकणार. ईदच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी ताईंनी वैतागून मुनाफला फोन केला. "आज तरी तुमचं ते मशीन गप्प बसवा हो."

मुनाफने त्यांची कॉपी तेवढ्यापुरती बंद केली आणि बायकामुलांना गाडीत घालून पार उत्तरेच्या टोकाला, अल रुवैसला मेहुण्याकडे निघून गेला.

*

यंदा वीकेंड जोडून आले आणि सुट्टी आठवड्याच्याही पुढे लांबली. सुट्टी संपल्यावर पहिल्याच सकाळी ताईंचा फोन. आवाज ओळखू येईना. "अगं, माझं सगळं कोरं दिसतंय. एकही मूल नाही."

मी शोधलं. सुट्टी लागली त्याच रात्री पुण्याच्या टीमने ताईंच्या ॲपचं अपडेट केलं होतं. त्यात ॲपला नवी कोरी डिस्क जोडली गेली, आणि जुनी वापरात नाही म्हणून सिस्टीमने पुसून टाकली. सेंटर बंद, त्यामुळे कुणाला पत्ता नाही.

"बॅकअप आहे ना?" सर म्हणाले.

तेव्हा मी ते सेटिंग पहिल्यांदा नीट वाचलं. शेवटच्या सात कॉप्या ठेवा, जुन्या काढून टाका. पुण्यात बरोबर आहे हो, तिथे सलग एवढी सुट्टी देतो कोण? पण इथे सुट्टीभर रोज त्या कोऱ्या डिस्कची कॉपी निघणार, आणि प्रत्येक कोरी कॉपी एका भरलेल्या कॉपीला बाहेर काढणार. सातच्या सात कोऱ्या!

ताई फोनवरच होत्या. "मिळतील ना गं?"

"इन्शाल्ला," मी म्हणाले. सर समोरच उभे होते. या वेळी त्यांनी चष्मा काढला नाही.

एवढ्यात मुनाफ आला. दारातच थांबला. "मॅडम, रागावू नका. त्या दिवशी ताईंची कॉपी बंद केली होती, ती परत चालू करायची विसरलो. आज गाडीत आठवलं."

मी ताईंच्या कॉप्यांची लिस्ट उघडली. सात कॉप्या. सगळ्या सुट्टीच्या आधीच्या. सगळ्या भरलेल्या. कोरी एकही निघाली नव्हती, म्हणून जुनी एकही गेली नव्हती.

फाइली परत चढायला लागल्या तशी मी ओजसची फाइल उघडली आणि फोन स्पीकरजवळ धरला. "हे काय? हे काय?" ग्लास आपटला. "पाणी."

पलीकडे ताई रडत होत्या. मग म्हणाल्या, "कॉपी बंद ठेवली त्या शेवटच्या दिवसाचं नाही मिळालं तरी चालेल. त्या दिवशी ओजस नुसता भोकाड पसरून बसला होता."

सरांनी मुनाफला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

"पुढच्या ईदला काय करायचं?"

"विसरायचं नाही, सर."

"विसरायचं," सर म्हणाले. "आठवणीने."