खायला की मिरवायला

आमच्या अख्ख्या भावकीत मी बोकडांचा जाणकार समजला जातो. त्याचं कारण एवढंच, की एका लग्नाच्या पंगतीत मी सहज म्हणालो होतो, "आदत वेगळं आणि दोनदाती वेगळं." आदत म्हणजे दुधाचे दात असलेलं कोवळं जनावर, दोनदाती म्हणजे पुढचे दोन पक्के दात आलेलं. हे वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं आणि माझं ज्ञान तिथेच संपत होतं. वडील देशावरून कल्याणला कारखान्यात आले. मी जन्मलो ठाकुर्लीत, वाढलो ठाकुर्लीत, आणि शेळी जवळून पाहिली ती भाजीवाल्याच्या गाडीवरची कोथिंबीर पळवताना. पण पंगतीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि फुकट मिळालेला मान परत करण्याइतका मी काही संत नाही.

हा मान अंगाशी आला तो आईच्या नवसामुळे.

अडीच वर्षांपूर्वी घोडबंदर रोडवरच्या ऑफिसात माझ्या छातीत दुखायला लागलं. मी शहाण्यासारखा आधी प्रेझेंटेशन संपवलं, प्रश्नोत्तरंही घेतली, आणि मग खुर्चीतून खाली घसरलो. दोन स्टेंट बसले. त्या दिवशी आईने हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून कुलदेवीला सांगितलं, "माझं लेकरू घरी आलं तर तुला बोकड देईन. तो देईपर्यंत मटण तोंडाला लावणार नाही." लेकरू तेव्हा सेहेचाळीस वर्षांचं आणि नव्वद किलोंचं होतं.

आईने मटण सोडणं म्हणजे काय, ते आमच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. तिने आयुष्यात स्वतःसाठी म्हणून काही मागितलं असेल तर रविवारच्या पातेल्यातली नळी. ती ताटात आपटून, ओढून, डोळे मिटून खायची. खाटकाकडे स्वतः जायची आणि त्याला उलटेसुलटे प्रश्न विचारून हैराण करायची. नवसानंतरही मटण तीच करत होती, फक्त चव घेत नव्हती. पळीत रस्सा घेऊन माझ्यासमोर धरायची आणि म्हणायची, "मीठ बघ." मी मीठ बघायचो, डॉक्टरांनी मंजूर केलेले दोन तुकडे खायचो आणि वर पाहत नव्हतो. ती समोर बसून वालाच्या आमटीशी भात कालवायची.

तुम्ही विचाराल, मग बोकड द्यायला अडीच वर्षं कशाला लागली? सांगतो. आधी विश्रांती होती. मग अधिक महिना आला. मग तिमाहीची अखेर. मग दुसरी तिमाही, तिलाही अखेर होतीच. मग रस्त्याची कामं निघाली आणि ऑफिसातून घरी पोचायलाच रात्र व्हायला लागली. दर महिन्याला आई एकदाच विचारायची, "कधी जमेल रे?" मी म्हणायचो, "बघतो." बघतो हा शब्द मी इतक्या वेळा वापरला, की देवीलाही तो पाठ झाला असेल.

आणि मग एके दिवशी अचानक मला वेळ मिळाला. का, ते सांगायची लाज वाटते. नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या चुलतभावाने त्याच्या नवसाच्या बोकडाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला मळवट, आणि ही एवढी शिंगं. खाली कौतुकाचा पाऊस. 'दादा, तुमच्यावर कडी केली,' असं कुणीतरी मलाच उद्देशून लिहिलं. नवस मला आईच्या ताटाकडे बघून आठवला नाही, भावाच्या बोकडाच्या शिंगांकडे बघून आठवला. पुढच्याच सोमवारी मी रजेचा अर्ज भरला.

आईच्या गुडघ्यांना गावापर्यंतचा प्रवास झेपणार नव्हता. गावच्या गुरवाला फोन केला, तर तो म्हणाला, "तिथूनच गावाकडं तोंड करून द्या. देवीला लांबचंबी दिसतं." मग कल्याणच्या पुढे, मुरबाड रोडला आत एका वाडीवर शेळ्या पाळणारी एक बाई असल्याचं कळलं. तिच्याच अंगणात सगळं करू देते, चूल, भांडी, पाणी सगळं आहे. मी आणि बायको आधी जाऊन बोकड निवडणार, आणि आठवड्याने सगळ्यांना घेऊन जायचं, असं ठरलं.

बाई पन्नाशीची, कमरेला पदर खोचलेली. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि थेट मुद्द्याचं विचारलं, "खावाला पायजे का मिरवाला?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"दोनी एकात नाय घावत, दादा."

तिने आधी एक तांबूस बोकड पुढे आणला. आदत, गुबगुबीत, लोंबत्या कानांचा. शिंगं म्हणजे दोन खुंट. बायको म्हणाली, "हाच घ्या अहो. आईंना चावता येईल." मी त्याच्याकडे ग्रुपच्या नजरेने पाहिलं. हार घातला असता तर हाराखाली तो दिसलाच नसता.

एवढ्यात वास आला. वासामागोमाग कोपऱ्यात वेगळा बांधलेला काळा बोकड दिसला. दाढी छातीपर्यंत, शिंगं मागे वळून पुन्हा बाहेर आलेली, आणि नजर अशी की मीच अंग चोरून उभा राहिलो. माझं मन तिथेच बसलं. पण जाणकार म्हटल्यावर तपासणी आली. मी पुढे झालो, त्याचा वरचा ओठ उचलला आणि आत पाहिलं. पुढे एकही दात नव्हता.

"याला तर अजून दातच आले नाहीत!" मी बायकोला विजयाने म्हणालो. "दिसायला थोराड, पण आहे कोवळा."

बाईने तांबूस बोकडाची दोरी खुंटीला अडकवली. मग शांतपणे म्हणाली, "दादा, बोकडाला वरचं म्होरचं दात नसतातच. खाल बघा."

खाली आठच्या आठ होते, पक्के. बायकोने तोंड फिरवून पदर लावला. तिचे खांदे हलत होते.

"चार वर्सांचा हाय," बाई म्हणाली. "माझ्या शेळ्यांचा नर. आता नवा नर आनलाय म्हून काढतेय. चिवट लागंल. वासबी मारंल. मी आपलं सांगून ठेवते."

इतकं स्वच्छ सांगणारा विक्रेता मला आजवर भेटलेला नाही. शहाणा माणूस तिथे थांबला असता. पण माझी अब्रू तिच्या अंगणात आत्ताच सांडली होती, आणि ती भरून काढायला मला मोठी शिंगं हवी होती. मी म्हणालो, "देवीच्या नवसाला तोलामोलाचाच हवा." देवीला मधे घातलं की बायको गप्प बसते, हे वीस वर्षांच्या संसारात शिकलोय. शिंगं नंतर साफ करून हॉलमध्ये लावायचाही विचार मी बोलून दाखवला. बायको म्हणाली, "लावा. त्यांच्या शेजारीच तुम्हालाही टांगीन."

या अडीच वर्षांत आईचे दात एकेक करत सगळे गेले होते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तिला कवळीसाठी डॉक्टरकडे मीच नेलं होतं. कवळी टोचते म्हणून ती वाटीत पडून असते, हेही रोज दिसत होतं. मी जनावराचे दात बघायला मुरबाड रोडला गेलो आणि घरातले बघायला विसरलो. एवढा मूर्ख माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि मी बरेच पाहिलेत.

नवसाच्या दिवशी तीसेक माणसं जमली. चुलतभाऊ आला, त्याने बोकडाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "मानलं दादा तुला." तेवढं ऐकून माझी छाती भरून आली, स्टेंटसकट. फोटो निघाले. पूजा झाली, बोकडाच्या अंगावर पाणी शिंपडलं. आमच्यात बोकडाने अंग झाडलं की देवीने मान्य केलं असं समजतात. झाडेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. एरवी दोन मिनिटांचं काम.

या महाराजांनी झाडलंच नाही. पाव तास गेला, अर्धा तास गेला. पुन्हा पाणी शिंपडलं. तो दाढीवरून ठिबकत माझ्याकडे बघत राहिला. भाऊ घड्याळ बघायला लागला. शेवटी खुर्चीवर बसलेली आई म्हणाली, "उशीर केलास म्हणून देवीची माफी माग."

तीस माणसांसमोर मी बोकडापुढे हात जोडले आणि तिमाहीच्या अखेरींचं सांगायला लागलो. आई म्हणाली, "कारणं नकोत. माफी माग." मी म्हणालो, "चुकलं माझं." आणि बोकडाने शेंडीपासून शेपटीपर्यंत असं अंग झाडलं, की माझा चष्मा भिजला.

मग चूल पेटली, आणि विझायचं नावच घेईना. दोन तास झाले, तीन झाले. मटण लवकर शिजावं म्हणून बायकोने रश्श्यात कच्ची पपई घातली. बाईने येऊन सुपारी टाकली. भावाच्या बायकोने करवंटीचा तुकडा टाकला. मटण मात्र आपल्या मतावर ठाम होतं. शेवटी भुकेने सगळे रडकुंडीला आले तेव्हा देवीला नैवेद्य दाखवला आणि पहिलं ताट आईपुढे ठेवलं. बायकोने त्यात आठवणीने नळी वाढली होती.

आईने ताटाला नमस्कार केला. एक तुकडा उचलून तोंडात घातला. माणसं चावत होती, त्यामुळे अंगणात शांतता होती. "बोकड भारी होता हां दादा," भाऊ गालात घास धरून म्हणाला. मी आईकडे बघत होतो. तिने तुकडा या गालातून त्या गालात नेला, परत आणला. तोंड हलत राहिलं. मग तिने पदराआड तो हळूच काढला आणि भाकरीखाली सरकवला. दुसरा घेतला, त्यातल्या त्यात लहान. तोही भाकरीखाली गेला. नळी तिने उचलली, ओठांना लावली आणि ओढून पाहिली. मग ठेवून दिली आणि रश्श्यात भाकरी कुस्करायला लागली.

मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. उठलो आणि जाऊन तिच्या खुर्चीशी खाली बसलो.

"आई, माझं चुकलं," मी म्हणालो. बोकडापुढे म्हटलं होतं त्यापेक्षा हे जड गेलं. "तो लहान बोकड घ्यायला हवा होता. उद्या कोवळं आणतो. खिमा करू."

"आण की," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिने अजून एक घास खाल्ला आणि विचारलं, "ह्याचं वय किती म्हणाली रे ती बाई?"

"चार वर्षं."

आईने बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हणजे मी नवस बोलले तेव्हा हासुद्धा कोवळाच असणार," ती म्हणाली. "आणि मला दात होते."