बसून पाहिलेलं घर

नव्या घराच्या बैठकीत मी आरसा इतका उंच टांगला होता, की आलेल्या पाहुण्यांच्या त्यात फक्त टोप्या दिसत. मला स्वतःला पाहायचं तर स्टूल घ्यावं लागे. मासिकातल्या चित्रात तो तसाच होता, सोफ्याच्या बरोब्बर वर. एवढं मला पुरे होतं. नक्षीदार चौकटीचा तो आरसा मी खामगावच्या बाजारातून रिक्षात मांडीवर धरून आणला होता. तेव्हाची ती शहाणी बाई आज भेटली, तर मी तिला त्याच स्टुलावर उभी करून ठेवीन.

वास्तुशांतीला बीबीहून, आमच्या मूळ गावाहून, माझ्या थोरल्या जाऊबाई आल्या, शांताबाई. नवं घर पाहायची त्यांची रीत निराळी. इतर बायका घरभर फिरून 'छान हो, छान' करत. या मात्र कोपऱ्याकोपऱ्यात फतकल मारून बसत. बसल्या जागेवरून चहूकडे पाहत. मग हुकूम सुटे. "इथं बाई भाजी निवडन, तिच्या डोयावर ऊन येते. पडदा लाव." "इथं म्हातारं मानूस चपला घालन, त्याले धराले काई नाही." बीबीत कुणाचंही घर नवं झालं, की सामान लागल्यावर शांताबाईंना बोलावणं जाई, आणि त्या मिरवत जात. "माह्या बसन्याबिगर घर पुरं होत नाही," असं त्या स्वतःच सांगायच्या. विनय हा प्रकार त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता.

माझ्या बैठकीत त्या फरशीवर बसल्या आणि वर पाहिलं.

"काऊन वं कुसुम, आरसा छताले दाखवाले आनला का?"

"फॅशन आहे तशी, बाई."

"हाव. पंख्याले भांग पाडाचा असन."

मी कितीतरी दिवस धुसफुसत होते. आरसा मात्र हलवला नाही.

त्याच उन्हाळ्यात मामाजींचा, म्हणजे आमच्या सासऱ्यांचा, पाय मोडला. ते बीबीला थोरल्यांकडे असत. दवाखान्यासाठी त्यांना आमच्याकडे आणलं. मी बैठकीला लागून असलेली खोली सजवून दिली. नवी चादर, तिला जुळणारे पडदे, कोपऱ्यात फुलदाणी. आणि माणूस कसा, तर जन्मभर ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारलेला. आधी त्यांचं बोलणं थांबलं, मग जेवण. ताट तसंच परत येई. "मले बीबीले नेऊन टाका," एवढंच म्हणत. इतक्यात गावी हलवलं तर पाय जुळायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी रडकुंडीला आले. खरं सांगायचं तर निम्मं रडू त्यांच्यासाठी होतं, निम्मं 'धाकटीला सासरा सांभाळता आला नाही' म्हणतील म्हणून.

शांताबाई धावत आल्या. त्यांनी आमच्या ह्यांना मामाजींना उचलून खुर्चीत बसवायला लावलं, आणि डोक्यावरचा पदर सावरत सरळ सासऱ्यांच्या पलंगावर आडव्या झाल्या! मी दारात थिजलेली. मामाजींनी इतक्या दिवसांनी तोंड उघडलं, "शांता, पलंग माहा हाय वं!"

"हाव मामाजी. पन तुमी एवढे दिवस काय पाहून राह्यले, ते पाहून राह्यली मी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "निस्ती भीत दिसते वं इथून. तेबी कोरी."

खोलीच्या दारातून बैठकीची समोरची भिंत तेवढी दिसत होती. मी निवडून निवडून लावलेला फिकट पिस्ता रंग. मामाजी दिवसभर तोच पाहत होते.

शांताबाईंनी माझा आरसा उतरवला आणि ह्यांना तो त्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीला धरायला लावला. स्वतः पुन्हा आडव्या. "डावीकडे घ्या. अजून जराक. हं, ठोका." मामाजींना निजवलं, तर आरशात उघडं दार, दारातून फाटक, फाटकाबाहेर सगळी गल्ली!

संध्याकाळी आतून आरोळी आली, "कोन हाय बे फाटकात? आत ये ना!" कोथिंबीर विकणारा बिचारा दचकून आत आला, आणि चहा पिऊनच गेला. त्या रात्री ताट रिकामं परत आलं.

शांताबाई आता नाहीत. आरसा अजून तिथेच आहे, कमरेइतका. 'हा असा काय लावला?' विचारणाऱ्याला मी मान ताठ करून सांगते, आमच्या जाऊबाईंनी लावलाय. पुण्याची नात तिच्या नव्या फ्लॅटचे फोटो मोबाइलवर पाठवते, तेव्हा माझा एकच प्रश्न असतो, "बसून काढले, का उभ्यानं?"

त्या उन्हाळ्यात शांताबाई बीबीला परतल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अशीच स्वयंपाकघरातून दाराकडे, दारातून स्वयंपाकघराकडे करत होते. मामाजींनी हाक मारून मला जवळ बोलावलं, आणि आरशाकडे बोट दाखवून म्हणाले, "सूनबाई, त्या आरशात एक बाई दिसते, दिवसभर पयतच राह्यते. तिले म्हन, बस जराक."