चव्वेचाळीस फेरे

जुलैपासून शिवाजीरावांची गत इकडे आड तिकडे विहीर अशी झाली होती. शाळेची बस ते रोज सकाळी बबीना गावाहून पोरं भरून छावणीजवळच्या शाळेत आणायचे. सव्वीस किलोमीटर. निघायची वेळ ऑफिसनं ठरवून दिलेली, गाडीला चाळीसची मर्यादा, आणि साडेसातला शाळेचं फाटक बंद. बावीस वर्षं दोन्ही जमत होतं. उन्हाळ्याची सुटी संपली आणि जमेनासंच झालं. काटा चाळीसवर धरला, की फाटकाशी चार मिनिटं उशीर. वेळ गाठायला जावं तर काटा चव्वेचाळीसवर, आणि मीटरला जोडलेला, वेग नोंदवणारा डबा बोंब मारायला तयार. उशिराच्या चार चिठ्ठ्या आल्या म्हणून त्यांनी घाई केली. घाई केली म्हणून वेगाच्या दोन नोंदी झाल्या. तिसरी झाली की घरी बसायचं, असं ऑफिसनं लेखी दिलं होतं.

नोकरी जाण्यापेक्षा त्या कागदातला एक शब्द त्यांना जास्त झोंबला होता. पोरं बसलेली असताना गाडी दामटवणारा! खापरपणजोबांनी मराठी फौजेबरोबर इथे उत्तरेत येताना घोडे पिटाळले असतील, पण शिवाजीरावांनी बस कधी पिटाळली नव्हती. पुढं दोनशे मीटरवर म्हैस दिसली तरी यांचा पाय ब्रेकवर. आता मात्र रोज त्यांची नजर रस्त्यापेक्षा काट्यावर आणि घड्याळावरच जास्त असायची. सावकाश गेलो तरी मी चोर, वेळेवर गेलो तरी मीच चोर. रस्ता तोच, गाडी तीच, मग ही चार मिनिटं खातंय कोण?

ते शमिकानं शोधून काढलं. ती त्यांची मुलगी, अकरावीत विज्ञान घेतलेली. घरातलं मराठी तिला सगळं कळतं, बोलताना मात्र हिंदीचा टेकू लागतो.

"बाबा, मीटरला रस्ता दिसतच नाही ना," ती म्हणाली. "वो तो सिर्फ चाकाचे फेरे मोजतो. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हे त्याला आधी बताके ठेवलेलं आहे. चाक छोटं असेल, तर तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे. मीटरला वाटणार, गाडी तेज पळतेय."

"चाक कसं लहान होईल? झिजलं तरी किती झिजणार?"

"टायर बदले थे ना सुट्टीत?"

बदलले होते. सहाच्या सहा. जुना राहिला होता तो फक्त मागे टांगलेला जादा टायर. रविवारी बापलेकीनं तो उतरवला, त्यावर खडूची रेघ ओढली, रेघ जमिनीला टेकली तिथे एक खूण केली आणि टायर न घसरू देता ढकलत नेला. रेघ पुन्हा जमिनीला टेकली तिथे दुसरी खूण. टेप लावला. अडीचशे सेंटिमीटर. मग तसंच गाडीच्या चाकाला, गाडी हळूच पुढे घेऊन. दोनशे सत्तावीस.

शमिकानं वहीत मांडलं. शंभर मीटरला जुन्या चाकाचे चाळीस फेरे, नव्याचे चव्वेचाळीस. मीटर अजून अडीच मीटरचाच फेरा धरून बसलेला. म्हणजे काटा चव्वेचाळीस दाखवायचा तेव्हा गाडी खरी चाळीसनंच चाललेली असायची, आणि काटा चाळीसवर धरला की खरी जेमतेम छत्तीसनं. चार मिनिटं तिथेच गळत होती.

शिवाजीरावांना बसची पायरी आठवली. पहिलीतली ईशा जुलैपासून हात न धरता पायरी चढते, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांना वाटलं होतं, पोर सुटीत वाढली. वाढली कसली, गाडीच दोन बोटं खाली बसली होती. त्यांना हसू आलं, आणि कित्येक दिवसांनी ते पोटभर जेवले.

सोमवारी ते वेगाच्या त्या दोन नोंदी रद्द करून घ्यायला वही घेऊन दुबेजींकडे गेले. दुबेजी शाळेच्या गाड्यांचं काम बघायचे. माणूस वाईट नव्हता. त्यानं स्वतः टेप लावून पाहिलं, मान हलवली.

"बात तो सोलह आने सही है, रावजी. पर ये छोटे टायर लिए किसने?"

रजिस्टर उघडलं. टायरचा आकार स्पष्ट लिहिलेला, आणि खाली ते ताब्यात घेणाऱ्याची सही. मोडीतली.

शिवाजीरावांच्या घरात थोरल्या मुलाला मोडीत सही शिकवायची रीत. बाकी मोडीचं एक अक्षर त्यांना वाचता येत नाही, पण सही अशी झोकात, की हात उचलायचं नाव नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला प्रकार. टायर आले त्या दिवशी ते घेऊन आलेले दुकानातले चौघं म्हणाले, "रावजी, वो राजाओं वाली साइन दिखाइए." ह्यांनी दाखवली. वर काय लिहिलंय ते बघितलंच नाही. आणि ही सही दुसऱ्या कुणाची म्हणायची सोय नाही. अख्ख्या ऑफिसात ती करणारा एकच.

"अर्जी दोगे तो रजिस्टर भी साथ जाएगा," दुबेजी हळूच म्हणाले. "बच्चों की गाड़ी में गलत टायर. बड़ी बात बनेगी. सोच लो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ते वही काखेत मारून परतले.

घरी शमिका दारातच उभी होती. तिच्या तोंडाकडे बघून त्यांना सहीचं सांगवेना.

"हिशोब चुकलाय म्हणाले," ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

परत आले तेव्हा ती वही उघडून जमिनीवर बसलेली. पुन्हा गुणाकार, पुन्हा भागाकार. तासभर. चहा गार झाला. चूक सापडेना, तशी ती रडवेली झाली. "मला जमतच नाही फिजिक्स," असं पुटपुटली, आणि खोडरबर घेऊन चव्वेचाळीसचा आकडा खोडायला लागली.

ते मात्र शिवाजीरावांना बघवलं नाही. त्यांनी तिचा हात धरला.

"खोडू नकोस. तुझं बरोबर आहे. चूक माझी आहे. मी न वाचता सही केली."

त्यांनी सगळं सांगितलं. ती घाबरून म्हणाली, "मग अर्ज नका देऊ ना बाबा. नोकरी जाईल."

"जाईल कदाचित. पण पोरं बसलेली असताना गाडी दामटवली, असं लिहून घेऊन मी जाणार नाही. न वाचता सही केली म्हणू देत. ते खरं आहे. आणि त्या गाडीला बरोबर टायर लागले पाहिजेत. लिही तू."

तिनं अर्ज लिहिला, खाली सगळे आकडे मांडले. त्यांच्यापुढे ठेवून पेन दिलं. शिवाजीरावांनी पेन बाजूला ठेवलं आणि खिशातून चष्मा काढला.

"आधी वाचू दे," ते म्हणाले. "पहिल्या ओळीपासून."