बर्फाच्या समुद्रातल्या बारा खोल्या

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत गेटपाशी सिमेंटचा एक बाक आहे. जहाजावरून घरी आलो की संध्याकाळी मी तिथे टेकतो आणि दहा मिनिटांत चार जण जमतात. "बोल सदा, या खेपेला काय?" की मी सुरू! बायको म्हणते, "घरात दोन शब्द नाहीत, आणि बाकावर बसला की रेडिओ लागतो." तिचं खरं आहे. पण जहाजावर काही घडलं की ते ऐकायला आपलं माणूस सहसा नसतं ना! बरोबरच्या फिलिपिनो पोरांना सांगायचं तर आधी इंग्रजीत करावं लागतं, आणि इंग्रजीत केलं की त्यातलं हसू उडून जातं. मग ती गोष्ट तशीच डोक्यात राहते. तिच्या शेजारी दुसरी येऊन बसते. पाच महिन्यांत डोक्यात ही गर्दी होते.

मी सदानंद. एका छोट्या लक्झरी जहाजावर केबिन स्टुअर्ड आहे. जहाज अर्जेंटिनाच्या पार टोकाच्या बंदरातून निघतं, दोन दिवस खवळलेला समुद्र कापतं आणि खाली अंटार्क्टिकाच्या बर्फात शिरतं. शंभरेक गेस्ट असतात. त्यांतल्या बारा खोल्या माझ्या. सकाळी बेड घालायचे, संध्याकाळी ते झोपायला तयार करून उशीवर चॉकलेट ठेवायचं. दहा-अकरा दिवसांनी गेस्ट उतरतात, नवे चढतात, जहाज पुन्हा त्याच बर्फात. लोक आयुष्यात एकदा जातात तिथे मी महिन्यातून तीनदा जातो. चादरी घेऊन!

* * *

पहिल्याच खेपेचा किस्सा. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव लागतं, इंग्रजीत. 'सदानंद' गेस्टना झेपणार नाही म्हणून हॉटेल मॅनेजर बाईंनी ठरवलं, 'सदा'. एस, ए, डी, ए. पण चिकटवायच्या अक्षरांच्या पाकिटात 'ए' एकच उरलेला! नवं पाकीट पुढच्या बंदरात, म्हणजे दहा दिवसांनी. तोवर बिल्ल्यावर काय राहिलं? 'सॅड'!

पहिल्याच दिवशी एक अमेरिकन आजी दारात थांबली, चष्मा लावून बिल्ला वाचला आणि माझ्या तोंडाकडे बघून हळूच म्हणाली, "आर यू?"

मी म्हटलं, "नो मॅडम, ओन्ली नेम."

त्या ट्रिपला मला जितक्या लोकांनी पाठीवर हात ठेवून "इट विल बी ओके" म्हटलं, तितक्या लोकांनी आख्ख्या आयुष्यात म्हटलं नसेल. दहाव्या दिवशी 'ए' आला. तेव्हा खरं सांगतो, जरा वाईटच वाटलं!

* * *

आम्हा स्टाफच्या खोल्या पाण्याच्या पातळीखाली. खिडकी नाही. बर्फ, देवमासे, ते निळे डोंगर, सगळं मला गेस्टच्या खिडकीतून दिसतं. एका खोलीला मिनिटं बारा. त्यात संडास-बाथरूम आलं, बेड आला. उरलेल्या एका मिनिटात अंटार्क्टिका!

एकदा एका गेस्टने तक्रार केली. फोटो काढायचा शौकीन माणूस. म्हणाला, काचेवर रोज सकाळी एक डाग असतो, सगळ्या फोटोंत येतो. मॅनेजर बाई मला घेऊन खोलीत गेल्या. खरंच डाग होता. गोल, धुरकट, खिडकीच्या बरोबर मध्यावर. बाई डागासमोर उभ्या राहिल्या. मग मला उभं केलं. डाग बरोबर माझ्या नाकाच्या उंचीला!

मी खाली मान घातली. म्हटलं, आता वॉर्निंग लेटर मिळणार.

बाई एवढंच म्हणाल्या, "पुसून घे. आणि उद्यापासून एक इंच मागे उभा राहा."

* * *

मागच्या एका खेपेला अख्ख्या स्टाफमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. दुसरा धनाजी, माहुलचा कोळी. गेस्टना रबरी बोटीतून किनाऱ्यावर नेणं-आणणं हे त्याचं काम. बोट चालवावी तर त्यानेच. पण पहिला महिनाभर हा माणूस उदास. जेवण अर्धं टाकायचा.

मी विचारलं, "काय रे, घरची आठवण येते?"

तो हवेत नाक वर करून म्हणाला, "वासच नाय रं इकडं. कसलाच नाय. जीव घाबरतो."

बरोबर आहे! माहुलला एका बाजूला वाळत घातलेली मासळी, दुसऱ्या बाजूला रिफायनरी. जन्मापासून नाकाला काम. आणि इथली हवा काच पुसल्यासारखी.

मग एक दिवस जहाज पेंग्विनच्या मोठ्या वस्तीजवळ थांबलं. हजारो पेंग्विन आणि त्यांची घाण! वारा आमच्याकडे वळला आणि डेकवरचे गेस्ट रुमाल नाकाला लावून आत पळाले. धनाजी मात्र कठड्याला टेकून उभा. डोळे मिटलेले. छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "आता कसं घरी आल्यासारखं वाटतं!"

त्या दिवशी तो दोन माणसांचं जेवला.

* * *

त्याच धनाजीचं आणखी एक. ट्रिपमध्ये एक दिवस गेस्टना बर्फाच्या पाण्यात उडी मारायची हौस भागवू देतात. कमरेला दोर बांधून, डॉक्टर जवळ उभा करून. उडी मारली की सगळे टाळ्या वाजवतात. धनाजी दोर धरायला होता. संपल्यावर मला म्हणाला, "आमच्याकडं माणूस पाण्यात पडला तर बोंब मारतात, इकडं टाळ्या मारतात!"

मग दोराची गुंडाळी करत म्हणाला, "बापासला दोर नव्हता रं."

मी गुंडाळीचं दुसरं टोक धरलं.

* * *

आमची आई मालवणकडची. वडील गिरणीत होते म्हणून मुंबईत आली, पन्नास वर्षं झाली, भाषा तसूभर बदलली नाही. फोनवर तिचा पहिला प्रश्न, "थय मासे कसले गावतत?"

मी म्हटलं, "आई, इथे देवमासे आहेत. मासे पकडायला बंदी आहे."

"मगे तू खातंस काय?"

"फ्रीजरमधले. बंदरातून भरून आणतात."

आई कडाडली, "दर्यात रवान फ्रिजातले मासे खातंस? घराक ये बघू!"

* * *

फोनवरून आठवलं. जहाजावर नेट उपग्रहावरून येतं आणि खराब हवेत आवाज सहा-सात सेकंद उशिरा पोचतो. म्हणजे आपण एका प्रश्नाचं उत्तर देतो आणि ते पडतं दुसऱ्या प्रश्नावर!

माझी मुलगी मुक्ता, सातवीत. तिने विचारलं, "बाबा, तिथे खूप थंडी आहे?" मी म्हटलं, "हो, खूप! म्हणजे काय!" ते पोचायच्या आत तिचा पुढचा प्रश्न झाला होता, "माझ्या गॅदरिंगला येणार ना?" त्यावर माझं "हो, खूप! म्हणजे काय!" जाऊन पडलं. आणि तिचा प्रश्न मला ऐकू यायच्या आत लाइन कटली. पुढे चार दिवस नेट नाही.

मी घरी पोचलो तेव्हा गॅदरिंग होऊन महिना झाला होता. बायकोने सांगितलं, मुक्ताने पहिल्या रांगेतली एक खुर्ची दप्तर ठेवून शेवटपर्यंत अडवून ठेवली होती. बायको तिला म्हणाली, "अगं, नेटवर्कचा घोळ होता तो."

तर म्हणाली, "आवाज बाबांचाच होता."

* * *

गेल्या वर्षी सोसायटीच्या सत्यनारायणाला सेक्रेटरींनी गळ घातली. "सदा, अंटार्क्टिकाचे फोटो दाखव ना! पडदा लावतो." मी जोशात हो म्हटलं. मोबाइल उघडला आणि वाट लागली! त्याचं असं आहे, खरे पेंग्विन दिसतात तेव्हा माझ्या हातात चादरी असतात. माझ्याकडे होते ते टॉवेलचे पेंग्विन. गेस्ट खूश व्हावेत म्हणून आम्ही टॉवेल दुमडून पक्षी-प्राणी करतो आणि बेडवर ठेवतो. त्यांचे फोटो मी नेमाने काढतो. माझीच कला, म्हणून.

तर पडद्यावर एकामागून एक टॉवेलचे पेंग्विन. लोक सभ्य, कोणी हसेना. शेवटी दुसऱ्या मजल्यावरचे सावंत आजोबा, ज्यांना फारसं दिसत नाही, मोठ्याने म्हणाले, "थंडीमुळे किती सुरकुतलेत रे बिचारे!"

* * *

आता हा शेवटचा. हा मी बाकावर सांगितलेला नाही.

या खेपेला माझ्या सात नंबरच्या खोलीत यादीप्रमाणे दोन गेस्ट होते, नवरा-बायको. आली एकटी बाई. सत्तरीची, बारीक चणीची, छान इंग्रजी बोलणारी. इंडियन एवढंच कळलं. पहिल्या दिवशी म्हणाली, "बोथ बेड्स, प्लीज." मी दोन्ही घातले. रोज सकाळी बघतो तर एक दिवस डावीकडचा वापरलेला, दुसऱ्या दिवशी उजवीकडचा.

समुद्र खवळला त्या दिवशी मी टॉवेल द्यायला गेलो आणि जहाज एकदम कलंडलं. बाईचा तोल गेला, तोंडातून निघालं, "आई गं!" माझ्या तोंडातून निघालं, "सांभाळा काकू!"

तिने माझा दंड धरला तो सोडेचना. "तू मराठी? कुठला?"

"बोरीवली."

"मी मुलुंडची. नायगावकर." आणि मग तिला बोलायला इतकं होतं की मला पुढच्या तीन खोल्यांना उशीर झाला. बुकिंग नवऱ्याने केलं होतं, दोघांचं. हौशी माणूस. नंतर ते गेले, झोपेतच. मुलगा परदेशातून म्हणाला, आई, कॅन्सल कर. ही म्हणाली, नाही.

"आणि बेड?" मला राहवलं नाही.

"एकच वापरला तर दुसरा भकास दिसतो रे," काकू म्हणाल्या.

पुढचे सगळे दिवस मी सात नंबर शेवटी ठेवायचो. बारा मिनिटांची पंधरा व्हायची. त्या सांगायच्या आणि मी उशीला अभ्रे घालायचो.

बर्फातून परत निघायच्या आदल्या दुपारी किचनमधून मला निरोप आला, सात नंबरला दोघांचं जेवण. साधा भात, घट्ट डाळ, लिंबू. मला वाटलं, काकूंना कोणी मैत्रीण मिळाली. बरं वाटलं. खिडकीजवळच्या टेबलावर दोन प्लेट मांडल्या, पाणी भरलं. काकूंनी पर्समधून मेतकुटाची पुडी काढली आणि दोन्ही भातांवर मेतकूट घातलं.

"बस," त्या म्हणाल्या.

"मी? नाही काकू. गेस्टबरोबर बसून जेवायचं नाही, नियम आहे. नोकरी जाईल."

काकूंनी जरा विचार केला. "बसून जेवायचं नाही असा नियम आहे ना? मग उभ्याने जेव. उभ्याने जेवायला नियम आहे का?"

नियम नव्हता. मी प्लेट हातात घेतली. बाहेर बघत पहिला घास घेतला. तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काकू उठल्या होत्या. आपली प्लेट हातात घेऊन त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. जहाज हलत होतं म्हणून दोघंही पाय फाकवून. समोरून एक हिमनग सावकाश मागे जात होता.

माझा भात संपत आला तसा काकूंनी वाडग्यातला डाव उचलला.

"घे अजून," त्या म्हणाल्या, "लाजू नकोस. दोघांचंच आहे."